बर्कलेचं स्टेडियम: 44.5 कोटी डॉलरचं कर्ज आणि तीन हजार खुर्च्यांचा भरवसा

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले कॅम्पसने 2008 ते 2012 या काळात अमेरिकन फुटबॉलचं स्टेडियम आणि त्याला लागून खेळाडूंसाठी प्रशिक्षण केंद्र, अशी दोन बांधकामं केली. स्टेडियमच्या नूतनीकरणाला 32.1 कोटी डॉलर लागले आणि केंद्राला 15.3 कोटी. एकूण 47.4 कोटींपैकी जवळपास 44.5 कोटी कर्जाऊ होते. याच वर्षांत राज्य सरकारने विद्यापीठाचं अनुदान कापलं, विद्यार्थ्यांची फी 32 टक्क्यांनी वाढली आणि प्राध्यापकांना आणि कर्मचाऱ्यांना सक्तीची बिनपगारी रजा घ्यावी लागली.

"शिकवायला पैसा नाही आणि खेळायला आहे" अशी या प्रकरणाची मांडणी नेहमी होते. त्या मांडणीतली चीड समजण्यासारखी आहे, पण चूक नेमकी कुठे झाली ते तिच्यातून कळत नाही. वर्गखोल्यांचे पैसे उचलून कुणी स्टेडियमवर टाकले नव्हते. विद्यापीठाने एक आर्थिक आराखडा केला होता, तो कागदावर जुळत होता आणि जाणत्या माणसांनी मंजूरही केला होता. तो कोसळला कशाने, ते समजून घेण्याजोगं आहे, कारण असे आराखडे पुन्हा पुन्हा मांडले जातात.

सुरुवात जागेपासून करायला हवी. कॅलिफोर्निया मेमोरियल स्टेडियम 1923 साली बांधलं गेलं. आराखडा कॅम्पसचे वास्तुविशारद जॉन गेलन हॉवर्ड यांचा. स्ट्रॉबेरी ओढ्याच्या दरीच्या तोंडाशी, टेकडी कोरून आणि भराव टाकून केलेली ही लंबगोल वाटी बरोबर हेवर्ड भ्रंशावर बसलेली आहे. जमिनीतली ही भेग मैदानाच्या साधारण एका गोलपोस्टपासून दुसऱ्या गोलपोस्टकडे जाते. या भ्रंशावरचा शेवटचा मोठा भूकंप ऑक्टोबर 1868 मधला, आणि अशा दोन भूकंपांमधलं सरासरी अंतर दीडशे वर्षांच्या आसपास असल्याचं भूशास्त्रज्ञ सांगतात. भूकंप नसतानाही जमीन तिथे दर वर्षी काही मिलिमीटर सरकत राहते. नव्वद वर्षांत त्याचा परिणाम उघड्या डोळ्यांना दिसण्याइतका झाला होता: बाहेरच्या भिंतीच्या वरच्या कडेला सांध्याच्या दोन बाजू एका रेषेत उरल्या नव्हत्या, खांब कललेले होते, आणि स्टेडियमखालून ओढ्याचं पाणी नेणाऱ्या काँक्रीटच्या नळाला तडे गेले होते.

1990 च्या दशकाच्या अखेरीस विद्यापीठाने आपल्या सगळ्या इमारतींची भूकंप-तपासणी केली, तेव्हा स्टेडियम धोकादायक गटात आलं. सामन्याच्या दिवशी तिथे साठ-सत्तर हजार माणसं बसत, पण ते वर्षातून सहा-सात दिवस. अधिक काळजीची गोष्ट म्हणजे बैठकांखालच्या जागेत कार्यालयं, व्यायामशाळा आणि कपडे बदलण्याच्या खोल्या होत्या, आणि खेळाडू, प्रशिक्षक व कर्मचारी वर्षभर रोज तिथे वावरत. त्यांना आधी बाहेर काढायचं आणि मग स्टेडियम दुरुस्त करायचं, असा क्रम ठरला. प्रशिक्षण केंद्राची गरज अशी निर्माण झाली. पश्चिमेच्या भिंतीला लागून 1,42,000 चौरस फुटांची इमारत, तीही बरीचशी जमिनीखाली, विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळाने, म्हणजे रीजंट्सनी, 2006 मध्ये मंजूर केली.

इथे कायदा आडवा आला. भ्रंशावरील बांधकामांविषयी कॅलिफोर्नियाचा 1972 चा आल्क्विस्ट-प्रिओलो कायदा आहे. सक्रिय भ्रंशावर माणसांच्या वावरासाठी नवी इमारत बांधता येत नाही, आणि जुनी असेल तर तिच्यातले फेरफार व वाढ इमारतीच्या मूल्याच्या 50 टक्क्यांपेक्षा कमी खर्चाची असावी लागते. मग सगळा वाद मूल्यावर येतो. जुन्या, तडे गेलेल्या स्टेडियमचं मूल्य किती? आज नव्याने बांधायला किती लागेल या हिशेबाने धरलं, तर दुरुस्तीला भरपूर वाव मिळतो. आजच्या अवस्थेत त्याची काय किंमत येईल या हिशेबाने धरलं, तर डागडुजीपलीकडे काहीच करता येत नाही. बर्कले शहर, शेजारच्या टेकडीवरच्या रहिवाशांची संघटना आणि ओक वृक्षांसाठी काम करणारी संस्था न्यायालयात गेली. 2007 च्या सुरुवातीला बांधकामाला मनाई मिळाली. त्याआधी, 2 डिसेंबर 2006 पासून, केंद्राच्या जागेवरच्या ओकच्या झाडांवर आंदोलक चढून बसले होते. ते 9 सप्टेंबर 2008 ला उतरले. न्यायालयाने अखेर केंद्र ही वेगळी इमारत असल्याचं मान्य केलं, मात्र केंद्राच्या कामातला जो भाग स्टेडियमच्या भिंतीला आधार देत होता तो स्टेडियममधला फेरफार ठरवला. विद्यापीठाने तो भाग आराखड्यातून काढला आणि मनाई उठली.

पावणेदोन वर्षांच्या या खोळंब्याचा परिणाम बांधकामापेक्षा विक्रीवर झाला. 2006 मध्ये बर्कलेचा संघ फॉर्मात होता. प्रशिक्षक जेफ टेडफर्ड यांच्या हाताखाली 2004 साली 10 विजय, 2006 मध्ये परिषदेचं, म्हणजे ज्या विद्यापीठ-गटात संघ खेळत असे त्या गटाचं, संयुक्त विजेतेपद. तिकिटं खपत होती आणि माजी विद्यार्थ्यांच्या हातात पैसा खेळत होता. मनाई उठली त्याच सप्टेंबर 2008 मध्ये लेहमन ब्रदर्स ही मोठी गुंतवणूक बँक बुडाली आणि आर्थिक संकट उसळलं.

आता पैशाची बाजू. सगळं प्रकरण या आराखड्यात आहे.

बर्कलेचा क्रीडा विभाग स्वतःच्या उत्पन्नावर चालावा, अशी अपेक्षा अनेक वर्षांची. स्टेडियमचं कर्जही क्रीडा विभागानेच फेडायचं ठरलं. त्यासाठी एंडोमेंट सीटिंग प्रोग्रॅम आखला. मैदानाच्या मधोमध, सर्वांत चांगल्या जागी असलेल्या सुमारे 3,000 खुर्च्यांचा हक्क 40 ते 50 वर्षांसाठी विकायचा. एका खुर्चीची किंमत 40,000 डॉलरपासून 2,25,000 डॉलरपर्यंत. उद्दिष्ट 27 कोटी डॉलर, म्हणजे खुर्चीमागे सरासरी 90,000. ही रक्कम खर्च न करता कायम निधी म्हणून गुंतवायची, तिच्या परताव्यातून कर्जाचं व्याज भरायचं, पुढे मुद्दलही फेडायचं, आणि कर्ज संपल्यावर उरलेला निधी विद्यापीठाच्या सगळ्या खेळांना जन्मभर पुरवायचा. योजना ऐकायला इतकी पक्की वाटते, की मंजुरी देणाऱ्यांना दोष देताना जीभ अडखळते.

आकडे मांडून पाहा. 44.5 कोटी डॉलरवर 4 टक्के व्याज धरलं, तर वर्षाला 1.78 कोटी होतात. प्रत्यक्षातही क्रीडा विभागाला वर्षाला 1.8 कोटीच्या आसपास व्याज भरावं लागत होतं. 27 कोटी पहिल्याच दिवशी रोख हातात आले आणि त्यांवर 7 टक्के परतावा मिळाला, तर वर्षाला 1.89 कोटी येतात. व्याज निघतं, वर थोडे उरतात. परतावा 5 टक्के मिळाला, तर 1.35 कोटी येतात आणि पहिल्याच वर्षी 43 लाखांची तूट पडते. पण मुळात 27 कोटी पहिल्या दिवशी येणारच नव्हते. खुर्ची घेणाऱ्यांना हप्त्यांनी पैसे देण्याची मुभा होती. हप्ते 30 वर्षांवर पसरले, तर मुद्दलापोटी वर्षाला 90 लाख येतात. म्हणजे ज्या रकमेच्या परताव्यावर व्याज भरायचं, ती रक्कम गोळा व्हायलाच तीस वर्षं. मधल्या काळात आलेला हप्ता थेट व्याजात जाणार आणि निधी उभाच राहणार नाही.

दुसरी गोम अशी, की ही आश्वासनं होती. खुर्ची घेणारा हप्ते थांबवू शकत होता. खुर्चीवरचा हक्क जाईल, बाकी फारसं काही नाही. दात्याच्या आश्वासनाला विद्यापीठांच्या जगात मान असतो आणि बहुतेक दाते शब्द पाळतात, पण देणगी वेगळी आणि खुर्ची वेगळी. खुर्ची घेणारा संघ जिंकेल या आशेवर पैसे देतो. तरीही पहिल्या काळात जाहीर झालेल्या आकड्यांत ही आश्वासनं जमा रकमेसारखीच धरली गेली. स्टेडियम उघडायच्या सुमारास जवळपास दोन-तृतीयांश खुर्च्यांनाच गिऱ्हाईक मिळालं होतं, आणि ज्यांना मिळालं त्यांचेही पैसे हप्त्यांनी यायचे होते.

तिसरी गोष्ट सर्वांत कमी बोलली गेली. पूर्ण स्टेडियमची क्षमता सुमारे 63,000. कर्जफेडीचा मुख्य भार त्यातल्या 3,000 खुर्च्यांवर, म्हणजे शेकडा पाचांवर. उरलेल्या 95 टक्के खुर्च्यांचं तिकीट-उत्पन्न विभागाच्या रोजच्या खर्चाला आधीच बांधलेलं होतं. पंचाण्णव टक्के भरल्या आणि पाच टक्के रिकाम्या राहिल्या, तरी आराखडा बुडणार होता.

मुद्दलाचं काय? कर्जरोखे अशा रीतीने काढले, की 2032 पर्यंत मुख्यतः व्याजच भरायचं. अशी सवलत घेणं बेकायदेशीर नाही आणि मोठ्या संस्था ती घेतात, पण तिची किंमत समोर ठेवायला हवी. 44.5 कोटी, 4 टक्के दर, 30 वर्षांची सरळ परतफेड धरली, तर वर्षाचा हप्ता सुमारे 2.57 कोटी येतो आणि एकूण 77 कोटींत कर्ज संपतं. वीस वर्षं नुसतं व्याज भरलं, तर 35.6 कोटी जातात आणि मुद्दल जिथल्या तिथे. मग पुढे तीस वर्षं फेडायचं म्हटलं, तर आणखी 77 कोटी. हा हिशेब समजुतीसाठी आहे. प्रत्यक्षातल्या रोख्यांचे दर आणि मुदती वेगवेगळ्या आहेत. काही रोखे तर शंभर वर्षांच्या मुदतीचे. कॅलिफोर्निया विद्यापीठाने फेब्रुवारी 2012 मध्ये 4.858 टक्के दराने 86 कोटी डॉलरचे शतकी रोखे काढले, आणि स्टेडियमच्या कर्जाचं शेपूट असं पुढच्या शतकात गेलं. स्टेडियमला स्वतःला नव्वद वर्षांच्या आतच मोठी दुरुस्ती लागली होती. दर्जेदार बैठका, छत, पडदे, स्वयंपाकघरं यांचं आयुष्य वीस-तीस वर्षांचं. वस्तू मोडीत निघाल्यावरही तिच्या कर्जाचा हप्ता चालू राहील, अशी मुदत घेऊ नये, हा साधा नियम इथे मोडला.

बांधकामाबाबत मात्र मनापासून चांगलं बोलायला हवं. बाहेरची ऐतिहासिक भिंत तशीच उभी ठेवून पश्चिमेची आतली सगळी बैठक पाडली आणि नव्याने बांधली. मैदान सुमारे 4 फूट खाली नेलं. भ्रंश जिथून जातो तिथले वाटीचे तुकडे शेजारच्या भागापासून पूर्ण कापून काढले आणि स्वतंत्र ठोकळ्यांसारखे नव्याने बांधले. या ठोकळ्यांखाली वाळू आणि प्लॅस्टिकच्या चादरींचे थर आहेत. काँक्रीट जमिनीला धरून बसलं, तर जमीन फाटताना काँक्रीटही फाटतं; मध्ये घसरणारा थर असला, तर ठोकळा आख्खा फिरतो किंवा कलतो, पण त्याचे तुकडे होत नाहीत. शेजारच्या भागाशी असलेल्या सांध्यात मोकळी जागा ठेवली आहे. आडवी 6 फूट आणि उभी 2 फूट जमीन सरकली तरी माणसं जिवंत बाहेर पडावीत, हा त्यामागचा हिशेब. वरची पत्रकार कक्षाची लांबलचक इमारत काँक्रीटच्या अशा गाभ्यांवर तोललेली आहे, की ते भूकंपात मुद्दाम डोलतात आणि नंतर पोलादी ताणांमुळे पुन्हा सरळ होतात. जुन्या भिंतीला तिचा भार लागत नाही. भ्रंशावर बसलेली इमारत वाचवायची, तर याहून नेटकं काम क्वचित दिसेल.

पण याच कामातून आर्थिक प्रश्न उभा राहतो. घसरणारा थर, डोलणारे गाभे, कापलेले सांधे यांसाठी कोण तिकीट काढतं? प्रेक्षकाला त्यातलं काहीच दिसत नाही. सुरक्षेचा खर्च विकता येत नाही. आलिशान कक्ष, रुंद खुर्च्या, चांगलं जेवण हे विकता येतं. 2018 मध्ये जी विभागणी जाहीर झाली, तिच्यानुसार कर्जाचा निम्म्याहून जास्त भाग, सुमारे 23.8 कोटी डॉलर, भूकंप-सुरक्षेपोटी होता. उत्पन्न न देणारा हा निम्मा भाग आणि उत्पन्न देऊ शकेल असा दुसरा निम्मा भाग एकाच कर्जात मिसळून क्रीडा विभागाच्या डोक्यावर ठेवला, ही मूळ चूक. वर्गखोल्यांची इमारत भूकंपाला कमकुवत निघाली, तर तिच्या मजबुतीचा खर्च त्या विभागाच्या फीमधून काढा, असं कुणी म्हणत नाही. स्टेडियमबाबत तसं म्हटलं गेलं, कारण "विद्यापीठाच्या तिजोरीतून एक पैसाही नाही" हे वाक्य त्या काळात राजकीयदृष्ट्या हवं होतं.

ते का हवं होतं, ते 2009 पाहिल्यावर कळतं. राज्याची अर्थव्यवस्था घसरली आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या दहाही कॅम्पसच्या एकत्रित अनुदानात 60 कोटी डॉलरहून मोठी कपात झाली. सप्टेंबरपासून कर्मचाऱ्यांना बिनपगारी रजा, पगारात 4 ते 10 टक्के घट. पगार जास्त तशी घट जास्त. 24 सप्टेंबरला प्राध्यापक, कर्मचारी आणि विद्यार्थ्यांनी मिळून काम बंद ठेवलं. नोव्हेंबरमध्ये रीजंट्सनी फी 32 टक्के वाढवली, राज्यातल्या विद्यार्थ्याची वार्षिक फी 2010 च्या शरद सत्रापासून 10,302 डॉलर झाली. 20 नोव्हेंबरला बर्कलेच्या व्हीलर हॉलमध्ये विद्यार्थ्यांनी स्वतःला कोंडून घेतलं. त्याच महिन्यात प्राध्यापकांच्या सिनेटने क्रीडा विभागाने स्वतःच्या पायावर उभं राहावं, कॅम्पसने त्याला पैसे देऊ नयेत, असा ठराव केला. आणि 2010 च्या उन्हाळ्यात स्टेडियमचं काम सुरू झालं.

मंदीत बांधकाम काढण्याच्या बाजूने एक चांगला युक्तिवाद होता आणि तो विद्यापीठाने केला. मंदीत कंत्राटदारांना काम नसतं, निविदा कमी दराच्या येतात, पोलाद-सिमेंट स्वस्त होतं, व्याजदरही खाली असतो. हे सगळं खरं आहे. सार्वजनिक कामं मंदीत काढावीत हे अर्थशास्त्रही सांगतं. पण ज्या कामाची फेड श्रीमंत गिऱ्हाइकांच्या हौसेवर अवलंबून आहे, त्याला हा युक्तिवाद लागू होत नाही. ज्या मंदीने सिमेंट स्वस्त केलं, त्याच मंदीने खुर्ची घेणाऱ्याचं घर आणि शेअर दोन्ही स्वस्त केले. खर्चाच्या रकान्यात मंदीचा फायदा धरायचा आणि उत्पन्नाच्या रकान्यात 2006 ची तेजी, असा हा ताळेबंद होता. दोन्ही रकाने एकाच वर्षाचे असते, तर योजना मंजुरीपर्यंत पोहोचली नसती, असं आमचं स्पष्ट मत आहे.

सप्टेंबर 2010 मध्ये चॅन्सेलर रॉबर्ट बर्जनो (आपल्याकडच्या कुलगुरूंसारखं पद) यांनी पाच खेळ बंद किंवा कमी करायची घोषणा केली: बेसबॉल, पुरुष आणि महिला जिम्नॅस्टिक्स, महिला लॅक्रॉस, रग्बीला विद्यापीठ संघाऐवजी वेगळा, खालचा दर्जा. क्रीडा विभागाला कॅम्पसकडून मिळणारी वर्षाची 1.2 कोटींहून जास्त मदत 2014 पर्यंत 50 लाखांवर आणायची होती, आणि या पाच खेळांतून वर्षाला 40 लाख वाचणार होते. 160 हून जास्त खेळाडूंची विद्यापीठ संघातली जागा त्यामुळे गेली असती. एका बाजूला 40 लाखांची बचत, दुसऱ्या बाजूला लवकरच सुरू होणारं 1.8 कोटींचं व्याज. हे दोन आकडे शेजारी ठेवले, की फुटबॉल बाकीच्या खेळांना पोसतो या दाव्याचं काय होतं ते दिसतं. चांगल्या वर्षी तो पोसतो. कर्जाचं व्याज त्याच उत्पन्नातून वजा झालं, की पोसायला फारसं उरत नाही.

माजी खेळाडू आणि पालकांनी निधी उभा केला आणि 2011 च्या वसंतापर्यंत पाचही खेळ वाचले. ज्या बेसबॉल संघाला बंद करायचं ठरलं होतं, तोच त्या जूनमध्ये ओमाहाला राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीच्या आठ संघांत जाऊन खेळला. या खेळाडूंनी आपल्या संघासाठी जे केलं त्याचं मोल कुठल्याच आराखड्यात धरलेलं नव्हतं.

2011 चा हंगाम संघ सॅन फ्रान्सिस्कोच्या बेसबॉल मैदानावर खेळला. 1 सप्टेंबर 2012 ला नवं स्टेडियम उघडलं आणि पहिलाच सामना नेवाडाविरुद्ध 31-24 असा हरला. त्या वर्षी तीन विजय, नऊ पराभव. टेडफर्ड यांना काढलं. पुढच्या वर्षी नव्या प्रशिक्षकाखाली एक विजय, अकरा पराभव. पन्नास वर्षांसाठी खुर्ची विकायला यापेक्षा वाईट दोन वर्षं सापडणार नाहीत. पण संघ हरणं ही दुर्घटना नव्हे. प्रत्येक विद्यापीठ संघ दहा-पंधरा वर्षांत एकदा तरी असा गाळात जातो. आराखड्यात सलग तीन वाईट हंगामांचं गणित धरलेलं असायला हवं होतं.

मग उत्पन्नाचे दुसरे मार्ग शोधले गेले. 2013 मध्ये कबाम या गेम बनवणाऱ्या कंपनीने मैदानाला आपलं नाव देण्यासाठी 15 वर्षांत 1.8 कोटी डॉलर द्यायचं ठरवलं. ते नातं मुदतीच्या खूप आधी संपलं. 2021 मध्ये एफटीएक्स या क्रिप्टो-चलनाच्या बाजाराने 10 वर्षांसाठी 1.75 कोटींचा करार केला. नोव्हेंबर 2022 मध्ये एफटीएक्स दिवाळखोरीत गेली आणि नाव उतरवावं लागलं. दोन्ही करार पूर्ण मुदत चालले असते, तरी वर्षाला अनुक्रमे 12 लाख आणि 17.5 लाख आले असते. व्याज 1.8 कोटी. मैदानाचं नाव विकून स्टेडियमचं कर्ज फिटत नाही, हे सही करण्याआधीच भागाकार करून कळत होतं.

2016 पर्यंत क्रीडा विभागाची वर्षाची तूट दोन कोटी डॉलरच्या वर गेली. याच सुमारास सगळ्या कॅम्पसची तूट 15 कोटींवर पोहोचली होती. चॅन्सेलर होते निकोलस डर्क्स, दक्षिण भारताच्या इतिहासाचे आणि जातिव्यवस्थेचे अभ्यासक. त्यांना हे कर्ज आधीच्या काळातून मिळालं होतं. त्या ऑगस्टमध्ये त्यांनी पद सोडण्याची घोषणा केली. कारणं अनेक होती, पैशाची ओढाताण त्यात होतीच. त्यांच्यानंतर आलेल्या कॅरल क्राइस्ट यांनी जानेवारी 2018 मध्ये गाठ सोडवली: भूकंप-सुरक्षेचा 23.8 कोटींचा हिस्सा कॅम्पस उचलेल, उरलेला क्रीडा विभाग फेडेल.

आमच्या मते हा निर्णय बरोबर होता आणि दहा वर्षं उशिरा झाला. सुरुवातीलाच अशी विभागणी झाली असती, तर तीन गोष्टी बदलल्या असत्या. सुरक्षेचा खर्च किती आणि हौसेचा किती, हे 2010 मध्ये सिनेटपुढे आणि विद्यार्थ्यांपुढे वेगवेगळं आलं असतं. सुरक्षेच्या खर्चाला स्वस्त पर्याय आहे का, म्हणजे लहान स्टेडियम, दुसरी जागा किंवा ओकलंडसारख्या जवळच्या शहरातलं भाड्याचं मैदान, याची चर्चा खऱ्या आकड्यांवर झाली असती. आणि हौसेचा भाग जेवढ्या खुर्च्या रोख विकल्या गेल्या तेवढाच, टप्प्याटप्प्याने बांधता आला असता. "विद्यापीठाच्या तिजोरीतून एक पैसाही नाही" हे आश्वासन तसंही पोकळ होतं. क्रीडा विभाग ही स्वतंत्र कंपनी नाही. रोखे रीजंट्सच्या नावाने निघाले. विभाग फेडू शकला नाही, तर फेडणार विद्यापीठच, हे रोखे घेणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याशिवाय इतक्या कमी दराने कर्ज मिळालंच नसतं.

असा प्रस्ताव कुठल्याही विद्यापीठात आला, अगदी आपल्याकडे वित्त व लेखा समितीपुढे किंवा अधिसभेत क्रीडा संकुलाचा विषय आला, तरी कागद मागताना बर्कले समोर ठेवावं. जाहीर झालेल्या देणग्यांचा आकडा न घेता बँकेत जमा झालेल्या रकमेचा घ्यावा, आणि आश्वासन मोडलं तर वसुलीचा हक्क आहे की नाही ते लेखी विचारावं. मुद्दलाचा पहिला हप्ता कोणत्या वर्षी आहे ते पाहावं. तो आजच्या पदाधिकाऱ्यांच्या मुदतीनंतर पंधरा-वीस वर्षांनी असेल, तर तेवढ्यावरून प्रस्ताव परत पाठवायला हरकत नाही. वापराचे दिवस मोजावेत. बर्कलेत घरच्या मैदानावर वर्षाला सहा-सात सामने होतात, म्हणजे एका सामन्यामागे नुसतं व्याज 25 ते 30 लाख डॉलर. तेच व्याज कॅम्पसच्या त्या वेळच्या साधारण 36,000 विद्यार्थ्यांवर वाटलं, तर डोईवर वर्षाला 500 डॉलर पडतात. एवढी फीवाढ मांडायची तर महिनोन्‌महिने चर्चा होते. कर्ज मात्र एका बैठकीत मंजूर होतं. आणि देखभालीचा खर्च कर्जाच्या हिशेबात आहे का, हे शेवटी न विचारता आधी विचारावं, कारण तो बहुतेक वेळा नसतो.

बर्कलेचं गणित अजून चालूच आहे. टीव्हीच्या पैशावर बरीच भिस्त होती: पॅसिफिक किनाऱ्यावरच्या विद्यापीठांच्या परिषदेने 2011 मध्ये 12 वर्षांसाठी सुमारे 300 कोटी डॉलरचा करार केला होता. 2022 आणि 2023 मध्ये त्या परिषदेतल्या बहुतेक विद्यापीठांनी बाहेर पडायचं जाहीर केलं, त्यात कॅलिफोर्निया विद्यापीठाचाच लॉस एंजेलिस कॅम्पस पहिल्यांत होता. 2024 पासून बर्कले अटलांटिक किनाऱ्याच्या परिषदेत खेळतं, आणि प्रवेशाच्या अटीनुसार पहिली सात वर्षं त्याला टीव्हीच्या उत्पन्नातला पूर्ण वाटा न मिळता 30 टक्केच मिळतो. ही कसर भरायला रीजंट्सनी लॉस एंजेलिस कॅम्पसला तीन वर्षं दरसाल एक कोटी डॉलर बर्कलेला द्यायला लावले. जून 2025 मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा 2.05 कोटी डॉलर. चांगले खेळाडू टिकवायचे, तर त्या मर्यादेच्या आसपास खर्च करावा लागेल. ही रक्कम स्टेडियमच्या वर्षाच्या व्याजाहून मोठी आहे. टीव्हीचा वाटा सातव्या वर्षानंतर टप्प्याटप्प्याने वाढून दहाव्या वर्षी, 2033-34 मध्ये पूर्ण होईल. मुद्दलाचे हप्ते 2032 पासून सुरू होतात.